गोवराचा उतरता आलेख

नव्वदच्या दशकात मी रोह्याला कॉलेजात गणित शिकवत होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो.

पेणजवळच्या खाडीकाठच्या गावात गोवर पसरला, तेव्हा तिथे दिलेली माझी धाकटी बहीण सात महिन्यांची लेक घेऊन माझ्या खोलीवर आली. लस नऊ महिन्यांनंतर मिळायची. तोवर पोरीला जपायचं, एवढंच आमच्या हातात होतं.

त्या गावात दर गुरुवारी घरोघर फिरणाऱ्या नर्सबाई मला आकडे देत. मी गावाचे तीन गट केले होते: गोवर व्हायचे राहिलेले, आजारी आणि होऊन गेलेले. पहिला गट आटला की साथ आपोआप बसते, असं समीकरण सांगत होतं. आलेख चढला आणि पुढे माझ्या रेषेला धरून उतरू लागला. मला इतका आनंद झाला की त्या ठिपक्यांमागे तापानं फणफणलेली पोरं आहेत, हे विसरलोच. आज त्याची लाज वाटते.

पोरगी अजून नऊ महिन्यांची व्हायची होती, तेवढ्यात बहिणीला सासरहून निरोप आला, मिठागराचं काम सुरू होतंय, ये.

"दादा, गोवर नक्की गेला ना?"

मी तिला कागद दाखवला. "हे बघ, खाली आला. जा बिनधास्त."

तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. माझ्यावर विश्वास होता, म्हणून गेली. मीच तिला गावाकडच्या गाडीत बसवलं.

दोन आठवड्यांनी नर्सबाई भेटल्या. मी ऐटीत आलेख पुढे केला.

"गोवर कुठं गेलाय, सर? घरांना कुलपं हायेत. माणसं पोरांना घेऊन मिठागरावर झोपड्यांत गेलीत. कुलूप दिसलं की मी रजिस्टरात जागा कोरी सोडते."

कोरी जागा मी शून्य धरली होती. माझ्या वहीतलं पहिलंच गृहीतक होतं: गावातली माणसं कायम. आदल्याच वर्षी बहिणीची भांडीकुंडी मी स्वतः मिठागरावरच्या झोपडीत पोचवली होती. मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायचीही सोय नाही.

मी तसाच धावत गेलो. झोपडीत पोरं दाटीवाटीनं निजलेली, भाचीच्या अंगभर पुरळ. बहिणीनं सरकून मला बसायला जागा केली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पोरगी वाचली. कान मात्र कित्येक महिने वाहत राहिले आणि डावा कायमचा गेला. आजही मी तिच्या डावीकडे बसून काही सांगू लागलो की ती उठते, मला वळसा घालून दुसऱ्या बाजूला बसते आणि हसून म्हणते, "हां मामा, आता बोल."