राखणदाराचा दगड

चारकोपचं घर सोडलं त्या सकाळी आई दारात उभी राहून माझ्या बायकोला, सुनंदाला, बजावत होती, "खंय पन जावा, पैला थंयच्या राखणदाराक सांगा. मगे पाय टाका." मी बॅग पुन्हा काट्यावर ठेवत होतो. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, तोलून तोलून घटणार नाही रे ती." आई आणि तो मागे राहिले. आम्ही न्यूझीलंडला मुलीकडे, केतकीकडे आलो, कायमचे.

चारकोपच्या मंडळींनो, इथलं सगळं छान असं मी फोनवर सांगतो. हे सांगितलं नव्हतं.

केतकी आम्हाला हिमनदी बघायला घेऊन गेली. बर्फ म्हणजे उघडा डोंगर, असा माझा अंदाज. इथे आधी दाट जंगल. माडासारखे उंच नेचे, शेवाळाने माखलेली खोडं, भरदिवसा अंधारलेलं. सुरुवातीला पाटी होती: नदीच्या पात्रात उतरू नका, वर बर्फ कोसळला की पाणी अचानक चढतं. मी ती पुन्हा वाचायला लागलो.

"बाबा, परीक्षा नाहीये," केतकी म्हणाली.

पुढे ती फोटो काढायला मागे रेंगाळली. आम्ही दोघं एका फाट्याशी पोचलो. उजवीकडची वाट चढत होती, डावीकडची पुसट पायवाट पात्राकडे उतरत होती. वर कुठेतरी बर्फ तडकला. सुनंदाने माझा दंड धरला. गावाला जाताना घाटाच्या तोंडाशी प्रत्येक जण राखणदारासाठी, त्या जागेच्या रक्षक देवासाठी, दगड ठेवतो. तिनेही ठेवले, एकावर एक, डावीकडे मोकळी जागा होती म्हणून तिथे. "नवीन माणसं आहोत, सांभाळ," म्हणाली. वरचा दगड मी ठेवला. मग आम्ही उजवीकडे चढलो.

वरून हिमनदी दिसली. ती कशी होती ते मला सांगता येणार नाही, कारण केतकी येत नव्हती. मागून आलेल्या जोडप्याला विचारलं. वाटेत कुणीच दिसलं नाही, म्हणाले. फोनला रेंज नाही. आम्ही खाली धावलो. माझे गुडघे दुखतात हेसुद्धा आठवलं नाही.

फाट्यावर आमचे दगड तसेच होते. त्यांच्या बाजूने बुटांचे ताजे ठसे खाली गेले होते. खालून पाण्याचा आवाज येत होता, मघाशी नव्हता एवढा. सुनंदा हाका मारत होती.

मग झाडी हलली. केतकी मुळांना धरून वर आली, कमरेपर्यंत भिजलेली.

"कोणी रचले यार हे? इथे दगडांचा ढीग म्हणजे वाट. मी बिनधास्त उतरले ना. पाणी चढलं, वाट लागली माझी."

"मी," सुनंदा म्हणाली. "राखणदाराला."

केतकी ओल्या मातीत मटकन बसली. "अगं, मग मलापण सांगायचंस ना."

सुनंदाने एकेक दगड उतरवून झाडीत ठेवला. मी तिला मदत केली. आईने शिकवलेलं आम्ही चुकलो नव्हतो, तरी पोरगी जाता जाता वाचली. आमचाच दगड तिने इथल्या माणसासारखा वाचला होता. तिचं घर इथे केव्हाच झालंय. आमचं अजून व्हायचंय.

आता चालताना केतकी पुढे असते, आम्ही मागे. कुठे दगड रचलेले दिसले की मी तिला थांबवून विचारतो, "हे काय म्हणतायत गं?"