वाटलेले माड

आमच्या शेजारची काकी दारात मागायला आलेल्याला पैसे देत नाही. कोंब आलेला नारळ देते, आणि त्याच्या अंगणात जाऊन स्वतः लावून येते. पण माडाला नारळ लागायला वर्षं जातात. म्हणून परत आली की आपल्या घरामागच्या परड्यातल्या एखाद्या माडावर हात ठेवते आणि माडालाच सांगावं तशी पुटपुटते, "त्येंचो माड लागासर तुझे नारळ त्येंचे."

त्यांचा माड लागला की काकीचा मोकळा होतो. तोवर दुसरं कुणी येतंच.

मला हा वेडेपणा वाटायचा. पण संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला की तिच्या परड्यातल्या झावळ्या हलतात, मग पलीकडच्या, मग त्याही पलीकडच्या, आणि सगळी वाडीच तिचं परडं वाटू लागते.

मध्यंतरी नवरा गेलेली एक बाई आली. तेव्हा परड्यात एकच माड मोकळा उरला होता. काकीने त्यावरही हात ठेवला.

परवा कट्टा गावच्या बाजारात काकी दिसली. नारळ कानाशी धरून हलवत होती.

"काकी, तू नारळ इकत घेतंस?"

"मगे? माझ्याकडे खंय आसत?" ती म्हणाली, आणि डोळे मिटून आतलं पाणी ऐकत राहिली.