दोन माशांचे डोळे

युरोपच्या थंड समुद्रातल्या दोन स्केट माशांतला फरक मी समुद्रापासून इतक्या लांब, छत्रपती संभाजीनगरात शिकवते. स्केट म्हणजे आपल्या पाकटाचा भाऊबंद, पतंगासारखा चपटा. माझ्या वर्गातल्या बहुतेकांनी रोहू-कटल्यापलीकडं मासा पाहिलेला नाही. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना कोण सांगणार?

त्या दिवशी सकाळी पडद्यावर दोघांचे फोटो लावले. फरक कुणालाच सांगता येईना. मग नुसते डोळे मोठे करून दाखवले. एकाचा फिकट पिवळा, दुसऱ्याचा गडद हिरवट. कितीतरी वर्षं शास्त्रज्ञांनीही ही एकच जात धरली होती. जाळ्यात दोहोंपैकी कुठला ना कुठला येतच होता, त्यामुळं त्यांतला हिरवट डोळ्याचा, मोठा मासा ठिकठिकाणी संपत चाललाय हे फार उशिरा कळलं.

"मॅडम, आधी कळलं असतं तर वाचला असता?" एका मुलीनं विचारलं.

"वाचला असता की," मी म्हणाले. पुढचा तास काही मला धड घेता आला नाही.

कारण घरी दादा होते, माझे वडील. कन्नडजवळच्या गावात त्यांना धूसर दिसायला लागलं, तेव्हा सगळ्यांनी मोतीबिंदू ठरवून टाकला. "पिकल्याबिगर काढत नसतेत," असं जो तो सांगत होता. दादाही निवांत. फोनवर मला म्हणायचे, "सगळं झ्याक हाय." दिवाळीनंतर शेतातलं अद्रक निघाल्यावर ते शहरात, गारखेड्याला माझ्याकडं आले. डॉक्टरांनी तपासलं तर काचबिंदू निघाला. एक डोळा गेलेला, दुसरा अर्धा. गेलेली नजर परत येत नसते, वेळेत औषध सुरू झालं असतं तर टिकली असती, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मला भयंकर राग आला. पण तो काढायचा कुणावर? सल्ला देणारी सगळी मायेचीच माणसं.

त्या संध्याकाळी थेंब घालायला बसले. दादांनी मान मागं टाकली.

"बाय, दिवाळीतच आलो असतो तर वाचला असता का गं डोळा?"

सकाळचं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं.

"नाही दादा. काहीच फरक पडला नसता."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले, आणि उरलेला डोळा त्यांनी माझ्यापुढं उघडा धरला.