पाण्यावर लागलेली फी

कार्डाच्या तक्रारी घेणाऱ्या टेबलावर बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, माणसंच ते घेऊन येतात. त्यांना वाटत असतं, आपण फक्त बिलाबद्दल बोलतोय. मी पुण्याहून लग्न होऊन बंगळूरला आले आणि रेसिडेन्सी रोडवरच्या एका बँकेत या टेबलाला चिकटले. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं ती. सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझचं नवं वेड आलं होतं आणि इंटरनॅशनल कार्डही नवीनच होतं. लोक चार दिवस बोटीवर मजेत राहून येत आणि स्टेटमेंट हातात पडलं की थेट आमच्याकडे. डॉलरमधल्या प्रत्येक खर्चावर बँक ‘परदेशी व्यवहार शुल्क’ लावायची. फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात तसं लिहिलेलं होतं. ते वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय!

माझ्या शेजारी कमलक्का बसायची. तिचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. घरी मराठी, पण मध्येमध्ये कन्नड डोकवायचं. मराठी गिऱ्हाईक आलं की ते आमच्या दोघींच्या वाट्याला. काचेच्या केबिनमध्ये मॅनेजर, प्रभाकर सर.

*

एक रिटायर्ड इंजिनियर नातीचा शाळेचा ॲटलास घेऊन आले. पेन्सिलीनं बोटीचा मार्ग आखलेला. त्यांचं म्हणणं असं की जेवणाचं बिल झालं त्या रात्री बोट भर समुद्रात होती. ते पाणी कुठल्याच देशाचं नाही. मग व्यवहार परदेशी कसा?

कमलक्कानं ॲटलास स्वतःकडे ओढला, नीट पाहिला आणि म्हणाली, “सरी, बरोबर आहे, पाणी कुणाचंच नाही. पण डॉलर कुणाचा?”

ॲटलास मिटून त्यांनी विचारलं, रुपये घेणारी बोट कुठून सुटते?

“हलसूर तलावातून,” कमलक्का म्हणाली. “अर्धा तास फिरवतात.”

*

इलेक्ट्रॉनिक सिटीत काम करणारी नागपूरची एक मुलगी आली. लग्न ठरलेलं, हनिमूनसाठी क्रूझ बुक केलेली. एजंटचं ऑफिस आमच्या बँकेपासून दोन गल्ल्यांवर. तिनं तिथंच खुर्चीत बसून कार्ड दिलं होतं, आणि तरी स्टेटमेंटमध्ये परदेशी शुल्क!

मी स्लिप काढून पाहिली. एजंटनं पैसे थेट सिंगापूरच्या कंपनीच्या नावावर घेतले होते, त्यामुळे व्यवहार सिंगापूरचा झाला होता. हे मी तिला दोनदा समजावलं. तिचा तर पासपोर्टही अजून आला नव्हता.

“म्हणजे माझं कार्ड माझ्याआधी जाऊन आलं,” ती म्हणाली.

*

एका निवृत्त मास्तरांना वेगळाच धक्का बसला. बायको आजारी पडली म्हणून त्यांनी क्रूझ रद्द केली. मधल्या काळात डॉलर इतका चढला की फी कापूनही भरल्यापेक्षा जास्त रुपये परत आले. मास्तर जादा पैसे पाकिटात घालून परत करायला आले. आमच्याकडे असे पैसे घ्यायचा फॉर्मच नव्हता! सरांनी त्यांना ते ठेवून घ्यायला सांगितलं, तर मास्तर चक्क रागावले. आता बँकासुद्धा पैसे घेत नाहीत, असं वॉचमनला सांगत निघून गेले.

*

मग सर स्वतःच कुटुंबाला घेऊन क्रूझला गेले. सगळ्या तक्रारदारांना जाणारं ठरलेलं पत्र त्यांनीच लिहिलेलं होतं. फी का लागते, ती का परत मिळणार नाही, आणि शेवटी, ‘आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.’

परत आल्यावर मुलांच्या व्हिडिओ गेमवर लागलेली फी बघून ते हादरले असावेत, कारण त्यांनी घरच्या पत्त्यावरून रीतसर तक्रार टाकली. मी नियमाप्रमाणे ठरलेलं पत्र टाइप करून सहीच्या फाइलमध्ये ठेवलं. त्यांनी नेहमीसारखी न वाचता सही केली.

चार दिवसांनी ते हातात पत्र घेऊन केबिनबाहेर आले. स्वतःचीच सही असलेलं.

“शेवटचं वाक्य काढून टाका,” ते म्हणाले. “फार लागतं ते.”

*

आणि चिकपेटेतले शंकरराव. कापडाचं दुकान, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. बायकोला, सरोजक्काला, घेऊन क्रूझला गेलेले. बोटीवरचा प्रत्येक खर्च त्यांनी डायरीत लिहिला होता, आणि बोटीचं बिल त्या बेरजेपेक्षा अठ्ठावन्न डॉलरनं जास्त होतं. उतरायच्या गर्दीत त्यांनी बिल न बघता सही केली होती. जो खर्च केलाच नाही त्यावर फी कशी, एवढंच ते विचारत होते. सरोजक्का मांडीवर पर्स धरून बसली होती. “जाऊ दे हो,” ती एकदाच म्हणाली.

आम्ही बोटीच्या कंपनीला लिहिलं. दीड महिन्यानं सविस्तर बिल आलं आणि मी दोघांना बोलावलं. जादा रक्कम केबिनमधल्या टेलिफोनची होती. क्रूझच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता, अकरा मिनिटं.

शंकरराव खूश झाले. घराला कुलूप होतं, आम्ही फोन करणार कुणाला, म्हणजे चूक बोटीचीच. नंबर वाचा म्हणाले. मी वाचला. भारताचा नंबर होता. हा कोड कुठला, त्यांनी विचारलं. कमलक्कानं टेबलाखालून माझा पाय दाबला, पण तोवर मी बोलून गेले होते.

“होसकोटे.”

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. कमलक्काला शंकररावांचं घर माहीत होतं, मला नंतर कळलं. चार वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीनं होसकोट्याच्या कारखान्यातल्या एका मुलाशी लग्न केलं, तेव्हापासून घरात तिचं नाव बंद. होसकोटे बसनं तासाभरावर. पण घरच्या फोनचं बिल शंकरराव ओळ न् ओळ तपासायचे, आणि समोरचा एसटीडी बूथवाला त्यांचाच माणूस. सरोजक्काला मोकळा फोन मिळाला तो भर समुद्रात.

“मी तेव्हा डेकवर चालायला गेलो होतो,” शंकरराव म्हणाले.

“म्हणूनच केला,” सरोजक्का म्हणाली.

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. शंकररावांनी कागद स्वतःकडे घेतला आणि ती ओळ पुन्हा वाचली.

“अकरा मिनिटं काय बोललात?”

“पाच मिनिटं ती नुसती रडत होती. मग तिनं मुलाच्या कानाला फोन लावला.”

“कुणाच्या मुलाच्या?”

“तिच्या. अडीच वर्षांचा आहे.”

तक्रार मागे घ्यायचा फॉर्म मी पुढे केला. शंकररावांनी चष्मा काढला आणि न वाचता सही केली. मग माझ्या टेबलावरचा फोन स्वतःकडे ओढला. त्याला एसटीडीचं लॉक होतं आणि कोड फक्त सरांना माहीत होता. मी वळून पाहिलं तर सर केबिनच्या दारात उभे होते, कधीपासून ते देव जाणे. ते आले, कोड दाबला आणि परत गेले.

शंकररावांनी कागदावर बोट ठेवून एकेक आकडा लावला. पलीकडे रिंग वाजू लागली. त्यांनी घाईनं रिसीव्हरवर हात ठेवला आणि बायकोकडे वळले.

“त्याचं नाव काय?”