पाठीवरची रेघ

माझ्या वडिलांच्या, आबांच्या, उजव्या किडनीतली गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली होती. ऑपरेशन होणार नव्हतं. शेक दिला तर दुखणं कमी होईल, एवढंच डॉक्टर म्हणाले. शेक म्हणजे मशीनमधले किरण. ते नेमके गाठीवर पडावेत म्हणून आबांच्या कुशीवर, पार पाठीपर्यंत, जांभळ्या शाईनं चौकोन आखला होता. रेघा पुसू द्यायच्या नाहीत, हे मला बजावलं होतं. घरात शिकलेला मी एकटाच.

शेकासाठी गावाहून, खर्ड्याहून, येऊन आबा शहरात माझ्या सावेडीतल्या खोलीवर राहिले होते. एप्रिल होता. ते उघडेच ओट्यावर बसत. एका दुपारी कॉलेजातले मित्र यायचे होते.

"आबा, सदरा घाला ना."

"लई उकडतंय रं."

तरी त्यांनी घातला, टेरिकॉटचा, गळ्यापर्यंत गुंड्या लावून. मित्र बराच वेळ बसले. ते गेल्यावर सदरा काढला, तर घामानं पाठीकडची रेघ गेलेली.

दवाखान्यात खरं सांगायला हवं होतं. पण 'शिकलेला असून एवढं कळलं नाही?' हे ऐकायची मला भीती वाटली. मी पट्टी आणि निळं बॉलपेन घेतलं आणि रेघ स्वतःच आखली. बीएस्सीला होतो, जमेल असं वाटलं.

सकाळी टेक्निशियन थबकले. "हे कुणी केलं?"

मी काही बोलायच्या आत आबा म्हणाले, "म्या, सायेब."

टेक्निशियननी केसपेपरवरचा आबांचा अंगठा पाहिला. "बाबा, सही येत नाही आणि पट्टी धरून रेघ ओढली? तीही स्वतःच्या पाठीवर?" मग त्यांची नजर माझ्या खिशातल्या पेनावर आली. "दोन बोटं सरकलीय. शेक चांगल्या आतड्यावर गेला असता!"

"चुकलं माजं," आबाच म्हणाले.

त्या दिवशी शेक मिळाला नाही. डॉक्टर दुसऱ्या दिवशी नव्यानं आखणार होते. रिक्षात आबा कूस दाबून बसले होते.

"तुमी कशाला अंगावर घेतलं, आबा?"

"तुला त्येंच्याशी रोज बोलायचंय. मी तर अडानीच हाय."

गल्लीत वळलो तर ओट्यावर माझा एक मित्र बसलेला. आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एका हातानं कूस धरून दुसऱ्या हातानं ते सदऱ्याची वरची गुंडी लावू लागले. मी 'राहू द्या' एवढंच म्हणायला हवं होतं.

गुंडी लागेपर्यंत मी रिक्षावाल्याला अलीकडेच थांबायला सांगितलं.