'आणि'पासून सुरू होणारी कादंबरी

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. बघा, आत्ताच हसताय. असू दे, चहा घ्या.

तर धुळ्याच्या एका वाचनमंडळानं मला भाषणाला बोलावलं. मी जळगावला शाळेत विज्ञान शिकवते. आजवर माझं बोलणं ऐकणारे सगळे हजेरीच्या धाकानं बसलेले. स्वतःच्या पायांनी येऊन कुणी मला ऐकणार, ही आयुष्यातली पहिलीच वेळ. म्हणजे माती झाली असती तर पुन्हा कोण बोलावतंय? पण विषय माझ्या अगदी घरचा होता: एक जुनी, गाजलेली विज्ञान कादंबरी वाचकाला कशी धरून ठेवते.

ही कादंबरी मी कॉलेजात असताना रद्दीवाल्याकडून घेतली होती. कव्हर नव्हतं, शिवण उसवलेली. बाइंडरकडून हिरव्या रेक्झिनमध्ये बांधून घेतली. त्यानं कडा इतक्या मन लावून कापल्या की पानांचे आकडेही गेले. मी म्हटलं, आकडे घेऊन काय करायचंय, मजकूर आहे ना? हे माझं वाक्य जरा लक्षात ठेवा.

गोष्ट अशी. दूरच्या एका ग्रहावर विनायक नावाचा माणूस एकटाच वेधशाळा सांभाळतोय. एक दिवस रेडिओवर एका बाईचा आवाज येतो. कोण आहे, कुठून बोलतेय, काही सांगत नाही. फक्त विचारते, "जेवलास का?" रोज तेवढंच. आता मला सांगा, परग्रहावर कुणी असं विचारलं तर पुस्तक खाली ठेववेल तुम्हाला? मी ती कादंबरी कितीदा वाचली असेन, आणि दर वेळी आमच्याकडे भाजी करपली.

भाषणाची तालीम मी नवऱ्यापुढे केली. त्यांचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे, वाचनाशी संबंध पेपरपुरता. ऐकून म्हणाले, "जेवलास का विचारतेय म्हणजे आई असणार."

"तुम्हाला साहित्यातलं काही कळत नाही," मी म्हटलं, आणि धुळ्याची बस पकडली.

सभागृह चक्क भरलेलं. पहिल्या रांगेत मंडळाचे अध्यक्ष, त्यांना सगळे नाना म्हणतात. मूळचे सोनगीरचे, धुळ्यात कापसाचा व्यापार, आणि वाचनाचं वेड. मी माझी हिरवी प्रत उघडली.

"सुरुवात बघा. 'आणि त्या दिवसापासून वेधशाळेत तो एकटाच राहिला.' पहिलंच वाक्य, आणि ते 'आणि'पासून. ना प्रस्तावना, ना ओळखपाळख, ना प्रकरणाचं नाव. वाचकाला उचलून थेट मधोमध उभं केलंय. याला छाती लागते."

नाना खोकले. मी माइकवरूनच त्यांना पाणी द्यायला सांगितलं.

मग शेवटाकडे वळले. "यान उतरतं. दार हळूहळू उघडतं. विनायक वर बघतो. संपलं. आत कोण आहे, हे लेखक सांगत नाही. यापुढे त्यानं एक ओळ जरी लिहिली असती ना, तर मी पुस्तक भिरकावून दिलं असतं."

कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, भारावले.

एक बाई उठल्या. "मॅडम, पण दारातून त्याची आई उतरते आणि यानाच्या वेगामुळे ती त्याच्याहून तरुण राहिलेली असते, तो प्रसंग तुम्हाला कसा वाटला?"

मी वर्गात हसते तसं प्रेमानं हसले. "कल्पना छान आहे तुमची. पण आई आणली की भोळा वाचक रडतो. लेखकाला असला बाळबोध शेवट नको होता."

बाई गोंधळून शेजारणीकडे बघायला लागल्या. मागून एक गृहस्थ म्हणाले, "मग ती डबा पुढे करते, ते?"

"डबा? परग्रहावर?" मी म्हटलं. "हे जरा अतीच झालं."

तेव्हा नाना उठले. त्यांच्या हातात त्यांची प्रत होती, कव्हरसकट. एक पान उघडून त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली. "ताई, हाई देखा."

देखलं. दार उघडल्यावर अख्खं एक प्रकरण होतं.

मला वाटलं, एक ओळ बघावी आणि काहीतरी सावरून घ्यावं. पण ती एक ओळ वाचली आणि दुसरी वाचल्याशिवाय राहवेना. तिसरी. मी भर सभेत, व्यासपीठावर उभी राहून वाचत सुटले. चहा आला, वाटला गेला. मी वाचतेच आहे. माइक चालू होता, त्यामुळे माझं नाक ओढणं मागच्या रांगेपर्यंत पोचत होतं. वर बघितलं तर त्या मघाच्या बाई मला रुमाल देत होत्या. भोळ्या वाचकाला.

"हाई वाचीसन आम्हीबी रडनूत, ताई," नाना म्हणाले. एवढी चांगली माणसं भेटली की लाज दुप्पट वाटते, बघा.

स्टँडवर सोडायला आले तेव्हा नानांनी आपली प्रत माझ्या हातात दिली. "बठ्ठं वाचा. पह्यला पानपाईन."

सगळं, आणि तेही पहिल्या पानापासून! खरं सांगते, मला राग आला. शेवट हुकला हे मान्य, पण पहिलं पान मला तोंडपाठ होतं.

बसमध्ये पहिलं पान उघडलं. तिथे 'आणि' नव्हतं.

तिथे एक लहान मुलगा होता, आईला निरोप द्यायला आलेला. "कधी येशील?" तो विचारतो. "तू जेवून घे, तेवढ्यात येते," आई म्हणते, आणि घाईघाईत त्याचाच डबा हातात घेऊन यानात चढते. माझं लाडकं 'आणि' सोळा पानं उलटल्यावर सतराव्या पानावर आलं, आकड्यासकट.

म्हणजे माझ्या प्रतीचा पहिला फॉर्मा, एकत्र शिवलेला सोळा पानांचा गठ्ठा, तोही गेलेला होता, आणि ज्याला मी इतकी वर्षं लेखकाची छाती म्हणत होते ती रद्दीवाल्याची कृपा होती. पण त्या लेखकापुढे हात जोडावेसे वाटले. पहिल्या पानावर एक डबा चुकून नेला आणि शेवटच्या पानापर्यंत वाचकाला त्याची वाट बघायला लावली. आणि मला तर डबा माहीतही नव्हता, तरी त्यानं मला इतकी वर्षं सोडलं नाही.

घरी पोचले. नवऱ्यानं दार उघडलं.

"आईच निघाली ना?"

मी वाकून चप्पल काढत राहिले.

"बरं, भाषण कसं झालं?"

"मधलं चांगलं झालं," मी म्हटलं.