केबलवाल्याच्या घरचा बॉक्स

मेडशीतला आमचा केबलवाला बोलताना आभाळाकडे पाहायचा, जणू चित्रं तिथूनच उतरत होती. जुनं केबल बंद झालं, तेव्हा सेट-टॉप बॉक्स गावात सगळ्यांना पुरले नाहीत. अंथरुणाला खिळलेले माझे बाबा दिवसभर पडद्यावरच्या मुंग्याच बघत राहिले. संध्याकाळी तो स्वतःच्या घरचा बॉक्स काढून घेऊन आला.

"मंग तुमची माय काय पाहीन?" मी विचारलं.

"मी पाहून सांगतो ना तिले."

तेव्हापासून तो रोज आमच्या दारात उभा राहून मालिका पाहायचा. एकदा त्याच्या अंगणावरून जाताना त्याचा आवाज कानावर आला. मालिकेत त्या दिवशी मेलेली सून त्याच्या गोष्टीत माहेरी निघाली होती, आणि माय डोळे मिटून हसत होती.